तुंबडी आधी स्वतःच्या हातावर

चंपानगरीत सोमसेन राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व त्याचा न्यायामात्य म्हणून जन्मास आला होता. त्याच नगरीत चीन देशाहून आलेली शूमेई नावाची म्हातारी राहत असे. बांबूच्या तुंबडीत क्षणभर जळती वात फिरवायची आणि तुंबडी दुखऱ्या पाठीवर बसवायची, हे तिचे काम. दुखणे हलके होई. मागे गोल तांबूस खूण तेवढी उरे.

नगरजन हौशी. त्यांना आराम पडण्यापेक्षा खूणच जास्त आवडली. खूण जितकी काळी तितका गुण मोठा, अशी समजूत पसरली. मग स्नानगृहात अंग चोळून देणारा पिंगलही तुंबड्या लावू लागला. तो त्या फार तापवी आणि वाटेल तो रोग बरा करण्याचे वचन देई. एके दिवशी राजमाताच त्याच्याकडे गेली आणि पाठ भाजून घेऊन आली.

राजा संतापला. तुंबडी लावणाऱ्या सगळ्यांना नगराबाहेर काढा, असे त्याने फर्मावले.

शूमेईच्या नवऱ्याची रक्षा नदीकाठी एका चाफ्याखाली पुरलेली होती. "मी जाईन हो डोंगर ओलांडून," ती बोधिसत्त्वाला म्हणाली, "पण त्यांना इथं एकटं कसं टाकू?"

बोधिसत्त्वाला फार वाईट वाटले. पण राजमातेचे हालही त्याने पाहिले होते. तो राजाला म्हणाला, "महाराज, बंदी घातली तर लोक चोरून लावून घेतील आणि भाजले तरी बोलणार नाहीत. मला शूमेई आणि पिंगल या दोघांची पारख करू द्या. चुकलो तर त्यांच्याबरोबर मीही नगर सोडीन."

भर दरबारात त्याने आपलीच पाठ उघडी केली. पिंगलाने काही न विचारता तुंबडी तापवली. बोधिसत्त्वाने त्याला थांबवून शूमेईला बोलावले. तिने बाही सारून तुंबडी आधी स्वतःच्या हातावर टेकवली. मग त्याच्या कपाळाला हात लावला आणि तुंबडी खाली ठेवली.

"तुला ताप आहे, बाळा," ती म्हणाली. दरबाराचे भान तिला राहिले नव्हते. "आज नाही लावायची. वैद्याकडे जा."

"मग तुझी पारख कशी व्हायची?" राजा म्हणाला. "नगर सोडावे लागेल."

"सोडीन, महाराज." ती म्हणाली. "पण तापलेल्या अंगाला लावणार नाही."

बोधिसत्त्वाला सकाळपासून खरोखरच ताप होता. त्याने कोणाला सांगितले नव्हते. राजमाता आसनावरून उतरली आणि तिने म्हातारीचा हात हातात घेतला. मनगटापासून कोपरापर्यंत गोल गोल डाग होते. "हे काय ग?"

"तुमच्या नगरातली माणसं आहेत ही, आईसाहेब. प्रत्येकाची तुंबडी आधी इथं."

राजाने डोळे टिपले आणि हुकूम मागे घेतला. बोधिसत्त्वाने कायदा सांगितला: दुसऱ्याला लावण्याआधी तुंबडी आपल्या हातावर टेकवावी, रोग बरा करण्याचे वचन देऊ नये, आजाऱ्याला वैद्याकडे धाडावे आणि शूमेईच्या हाताखाली शिकलेल्यानेच हे काम करावे. पिंगलाला त्याने तिचा पहिला शिष्य केले.

त्या संध्याकाळी पिंगलाने नेहमीसारखी तापवलेली तुंबडी स्वतःच्या हातावर टेकवली आणि तो रडू लागला. भाजण्यापेक्षा राजमातेच्या आठवणीने तो जास्त रडला. शूमेईने त्याच्या हाताला तूप लावले. मग दोघांनी चाफ्याला पाणी घातले.

पूर्वजन्मीची ही गोष्ट सांगून भगवान शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे आपल्या विहाराला औषधे पुरवणारा हा उपासक. शूमेई म्हणजे त्याची वृद्ध आई. आजाऱ्यांचे पाय शेकण्याआधी पाणी स्वतःच्या मनगटावर ओतून पाहणारा आपला सुभग, तोच पिंगल. आणि तो अमात्य मी होतो. दुसऱ्याची वेदना आधी आपल्या अंगावर घेऊन पाहणे, हीच करुणा."