मंजिष्ठेच्या पांढऱ्या पेशी

यंत्रं तोंड उघडून बोलायची त्या काळची गोष्ट. रंगाच्या एका कारखान्यात स्टीलची एक म्हातारी टाकी होती. मंजिष्ठेच्या मुळाचा नखाएवढा तुकडा आणून माणसांनी त्यातून लाखो पेशी वाढवल्या आणि लाल रंग मिळावा म्हणून टाकीतल्या साखरपाण्यात सोडल्या. पेशी खाऊन खाऊन फुगल्या, पण रंगाचा पत्ता नाही. नुसत्या पांढऱ्याफटक!

"अगं भवान्यांनो, लाल व्हा की!" टाकी रोज ओरडायची. "शनिवारपर्यंत रंग दिसला नाही, तर माझी देखरेख करणारी द्वारकाबाई तुम्हाला गटारात सोडणार आहे."

"रंग कशाला हवा, आजी?" पेशी म्हणायच्या. "जमिनीत बुरशी अंगावर यायची, म्हणून तिला पळवायला आमचं मूळ रंग करायचं. इथं कोण येतंय? ते राहू दे, साखर संपत आलीय बघ."

सांगून सांगून टाकीचा घसा बसला. डोकं फिरलं ते वेगळंच.

बुधवारी द्वारकाबाईने बुरशी उकळली आणि तिचं चमचाभर पाणी टाकीत ओतलं. चव लागताच पेशींची गाळण उडाली. "बुरशी आली गं बाई!" दोन दिवसांत सगळी टाकी लालभडक. शनिवारी द्वारकाबाईने झाकण उघडून पाहिलं आणि गटाराच्या नळाला हातही लावला नाही.

"आजी, बुरशी गेली का?" एकीने दबकत विचारलं.

"ती उकळतानाच मेली!" टाकी खेकसली. "मेलेल्या बुरशीला घाबरलात आणि मी महिनाभर बोंबलत होते, ते कुणाच्या कानात शिरलं नाही."

"अय्या, मेली होय!" पेशी खुदकन हसल्या. "मग साखर मागव ना, आजी."