बट्टा न घेणारी खिडकी

फार पूर्वी, जहाजं अजून शिडांवर चालायची तेव्हा, एका बंदराच्या गावात एक तांबट आणि त्याची बायको राहत असत. तांबट हाताचा कसबी होता, पण स्वभावानं भलताच चिकट. कोथिंबिरीच्या जुडीसाठी तो अर्धा बाजार पालथा घालायचा, आणि घरी येऊन वाचवलेली दमडी बायकोला दाखवायचा. ती बिचारी जुडीकडे बघायची. तोवर जुडी सुकलेली असायची.

त्यांची एकुलती एक लेक समुद्रापलीकडच्या बेटावर दिली होती. तिचे दिवस भरत आले, आणि एका खलाशाबरोबर तिचा निरोप आला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण या अवस्थेत मला बोट सोसवणार नाही. सासरी बाईमाणूस कुणी नाही. आई, तूच ये. बायकोनं त्याच दिवशी हातातल्या पाटल्या विकल्या. दीडशे रुपये आले. लेक माहेरी येत नाही ना, मग माहेरच तिच्याकडे जाईल, असं तिनं ठरवूनच टाकलं.

चौकशीही तिनंच केली. भाडं माणशी वीस नाणी, तीही बेटाची, शंखछाप. बाजारातला सराफ तीन रुपयांना एक शंखछाप देत होता, वर नाणी बदलून देण्याचा दोन रुपये बट्टा. म्हणजे एकशेबावीस रुपयांत दोघांचं काम होत होतं. उरलेल्या अठ्ठावीस रुपयांत पलीकडच्या बंदरातून बैलगाडी करायची, कारण लेकीचं गाव तिथून गाडीनं दीड दिवसावर होतं आणि पायी चार. तिनं नवऱ्याला हे तीनदा समजावलं. आधी सराफाकडे जा, नाणी घ्या, मग घाटावर भाडं भरा. त्यानं तीनदा मान हलवली. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

सराफाच्या पेढीवर तांबट बट्ट्यावरून अडला. नाण्याला नाणं द्यायचं, त्यात मधल्यामध्ये दोन रुपये कसले? सराफानं समजावलं की आपलं पोट त्या बट्ट्यावरच आहे. तांबटानं दुपारभर हुज्जत घातली, आणि शेवटी थैली काखेत मारून तो तडक घाटावर गेला.

तिथे जहाजाच्या कारकुनाच्या खिडकीवर मोठ्या अक्षरांत पाटी होती: ‘येथे बट्टा घेत नाही.’ तांबटाला वाटलं, बघा, जगात अजून सज्जन माणसं आहेत.

कारकुनानं अदबीनं विचारलं, “भाडं बेटाच्या नाण्यांत भरणार की आपल्या रुपयांत?”

“आपल्याच रुपयांत,” तांबट म्हणाला. “परक्या नाण्यांची कटकट हवी कुणाला?”

कारकुनानं दीडशे रुपये सांगितले. तांबटानं अख्खी थैली रिकामी केली आणि पैसे बरोब्बर पुरले म्हणून खूश झाला. एका नाण्याला किती रुपये लावले, हे विचारायचं त्याला सुचलंच नाही. दमडीसाठी भांडणारा माणूस, पण इथे तोंडातून अवाक्षर नाही. मोरीला बोळा अन् दरवाजा मोकळा, तो असा.

घरी येऊन त्यानं दोन रुपये वाचवल्याची बातमी दिली. बायकोनं पावती हातात घेतली. चाळीस शंखछाप, रुपये दीडशे; म्हणजे नाण्यामागे पावणेचार, आणि गाडीचे अठ्ठावीस रुपये त्यातच गेले. तिनं डोक्याला हात लावला आणि तशीच घाटावर धावली. कारकून शांतपणे म्हणाला की विचारून घेतलं होतं बाई, तुमच्या मालकांनीच रुपयांत सांगा म्हटलं. भरलेलं भाडं परत होत नाही. खोटं तो काहीच बोलला नव्हता. याचाच तिला जास्त संताप आला.

जहाज वेळेवर पोहोचलं. पण पलीकडच्या बंदरात, अनोळखी मुलखात, उधारीवर गाडी कोण देणार? दोघं चालत निघाली. वाटेत तांबट अधूनमधून पुटपुटायचा की पाटीवर तर स्वच्छ लिहिलं होतं. बायको पुढे बघून चालत राहायची. तिला एकेक पाऊल जड झालं होतं, आणि नवऱ्याशी भांडण्यात दम घालवायची तिची तयारी नव्हती.

चौथ्या दिवशी संध्याकाळी ती पोहोचली. लेक आदल्या दिवशीच बाळंत झाली होती. शेजारच्या म्हाताऱ्या कोळणीनं सगळं निभावलं होतं. बाळ सुखरूप होतं, लेकही; पण तिचे डोळे रडून रडून सुजले होते. कळा सुरू झाल्यापासून ती आईला हाका मारत होती, असं कोळणीनं सांगितलं.

लेकीनं वडिलांकडे बघून एवढंच विचारलं, “बाबा, जहाज तर चार दिवसांपूर्वीच लागलं ना?”

कोथिंबिरीपासून कढईपर्यंत प्रत्येक गोष्टीवर बोलणारा तो माणूस वाकून वहाणांवरची धूळ झटकू लागला.

बायकोनं बाळ छातीशी धरलं आणि नवऱ्याला म्हणाली, “सांगा ना तिला. बट्टा किती वाचला ते सांगा.”

तात्पर्य काय, तर जो तोंडावर बट्टा मागतो त्याचा हिशेब तरी लागतो; जो ‘बट्टा नाही’ म्हणतो त्याला आधी भाव विचारावा, आणि परदेशाचं भाडं परदेशाच्याच नाण्यात भरावं.