धानाईचे पसरलेले हात

पाहुणे, चपला बाहेर काढा आणि आधी गाभाऱ्याशेजारचं ते मोठं चित्र बघा. पोरांनी रस्त्यावरच्या भिंतीवर रंग फासावा तसं वाटतंय ना? काढणारी मुलगी शहरातली. पण तिनं मनचं काही घातलं नाही. मागच्या गल्लीतल्या भिंतींवर आहे तेच उतरवलं: अंगावर वस्त्र नसलेली धानाई, केस मोकळे, दोन्ही हात पुढे पसरलेले.

भिंतींवरची देवी येसू परटिणीनं काढली, असं सांगतात. नवरात्राआधी देवीचा शालू धुऊन देशमुखाच्या घरी पोचवायचा मान तिच्या घराण्याचा. त्या साली तिच्या नवऱ्यानं, निंबानं, तो नेऊन दिला. देशमुखाची नियत फिरली. लेकीच्या लग्नासाठी त्यानं शालू पेटीत दडवला आणि चोरीचा आळ निंबावर घेतला. देवळाच्या याच पायरीवर निंबाला मरेस्तोवर मारलं म्हणे. सगळं गाव तोंडात गुळणी धरून बघत राहिलं.

येसूनं टिपूस गाळलं नाही. नवऱ्याला चोर म्हणून जाळावं लागलं, हे तिच्या काळजात जळत होतं. कपड्यांवर खुणा करायला परटाकडं बिब्बा असतोच. गाव आरतीला गेलेलं असताना तिनं देशमुखाच्या दारापासून देवळापर्यंत भिंतीभिंतीवर बिब्ब्यानं देवी काढली, नेसूशिवाय.

देशमुख चवताळला. ओल्या रेघा स्वतःच्या हातांनी पुसायला गेला आणि बिब्बा उतला. कोपरापर्यंत फोड आले मेल्याला! मग त्यानं भिंतींना चुना लावून घेतला. बिब्ब्यावर चुना बसला की खूण जन्माची पक्की होते; पण ज्यानं कधी पंचा धुतला नाही त्याला हे कुठलं माहीत? चुना वाळला तशी देवी आणखीच काळी होऊन वर आली. देवी आपलं वस्त्र मागतेय, असं लोक उघड बोलू लागले.

शेवटी देशमुख शालू घेऊन येसूच्या दारात उभा राहिला. हे थांबव म्हणाला. उभ्या जन्मात पहिल्यांदा येसूनं त्याला अरे-तुरे केलं.

"शालू देवीला दे. माझा धनी चोर नव्हता, हे त्या पायरीवर उभा राहून सांग. तुझ्यामागं तुझा लेक सांगंल, त्याच्यामागं त्याचा. माझा राग तुझ्या मरणानं फिटायचा नाही."

आजही नवमीला देशमुखांचा थोरला मुलगा पायरीवर उभा राहतो आणि निंबा परीट चोर नव्हता असं म्हणतो. त्याशिवाय आरती लागत नाही. गेल्या साली नोकरीवरून आलेला त्यांचा लेक तोंडातल्या तोंडात पुटपुटला. परटांच्या बाया जागच्या हलल्या नाहीत. ऐकू आलं नाही म्हणाल्या, आणि त्याला पुन्हा म्हणायला लावलं.