शेवंताची मुलाखत

"...पण बुवा, खोट्यानं पोर सुखात राहत असेल, तर त्याला खोटं तरी का म्हणायचं?"

लिंबाजीबुवा मठाच्या ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारा दिगंबर. बारा वर्षांपासूनचा बुवांचा शिष्य. ज्यांचे आईबाप तुरुंगात आहेत, अशा मुलांसाठी तो वसतिगृह चालवायचा. त्याचा त्याला अभिमान होता.

"बावीस मुलं आहेत. एकाच्याही तोंडी तुरुंगाचं नाव येत नाही. मी येऊच दिलं नाही."

"आणि ही?"

ओट्याच्या टोकाला नऊ वर्षांची शेवंता बसली होती. तिच्या बापानं बांधाच्या भांडणात माणूस मारला होता. आई वीटभट्टीवर कामाला.

"हिला सांगितलंय, बाप बोटीवर नोकरीला आहे. पण तीन महिने झाले, कुणाशी बोलत नाही. तुम्हीच काही समजूत घाला."

"मला पाणी आण," बुवा म्हणाले.

दिगंबर विहिरीकडे गेला.

बुवांनी मूठभर शेंगा शेवंतापुढे सरकवल्या. ती फोडू लागली. बुवाही फोडत राहिले.

"बाप कुठंय गं?"

तिनं विहिरीकडे पाहिलं.

"जेलात."

"कुणी सांगितलं?"

"पोलिस आले तेव्हा दार मीच उघडलं होतं."

बुवांनी आणखी शेंगा तिच्यापुढे सरकवल्या.

"सरांना सांगू नका, बुवा. त्यांना वाटतं, मला माहीत नाही. उगाच वाईट वाटेल त्यांना."

दिगंबर तांब्या घेऊन खांबाशी उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. त्यानं तांब्या खाली ठेवला, पण हात त्यावरच राहिला.

"आता हिला काय सांगू, बुवा?" त्यानं हळूच विचारलं.

"सांगून झालं तुझं. आता तिला विचार."

दिगंबर शेवंतासमोर उकिडवा बसला.

"शेवंता... वडिलांना भेटायचंय तुला?"

तिनं हातातले दाणे त्याच्या तळहातावर ठेवले आणि होकारार्थी मान हलवली.

दिगंबरनं अर्ज केला. आईला भट्टीवरून बोलावून घेतलं. पुढच्या महिन्यात तिघं तुरुंगात मुलाखतीला, म्हणजे बापाच्या भेटीला गेली.

दुसऱ्या दिवशी तो मठात आला. चेहरा पडलेला.

"काय झालं?" बुवांनी विचारलं.

"वीस मिनिटं मिळाली, बुवा. मधे जाळी. मला वाटलं, बाप रडेल, पोरीची माफी मागेल. मी तिला काय काय शिकवून नेलं होतं..."

"मग?"

"बापलेक शेळीबद्दल बोलत बसली! घरी आईपाशी शेळी आहे म्हणे, गाभण. ती चारा खाते का, रात्री कुठं बांधता, तिचा कान दुखत होता तो बरा झाला का... वेळ संपला तरी तेच. गुन्ह्याचा शब्द नाही, पश्चात्तापाचा नाही. येताना पोरगी गाडीत सारखी बडबडत होती, तीही शेळीबद्दलच. एवढी खटपट केली, ती कशासाठी?"

बुवा पहिल्यांदाच त्याच्याकडे वळून बसले.

"ते राहू दे. शेळी व्यायली का?"