निरंजनच्या तीन नोकऱ्या

माझा मुलगा निरंजन वारला, त्या वर्षाचं आयकराचं विवरणपत्र भरायला सून रेवती आणि मी कऱ्हाडला करसल्लागार बेहेरे यांच्याकडे गेलो. एकाच वर्षात तीन मालकांचे तीन फॉर्म सोळा पाहून बेहेरे हसले.

"तीन नोकऱ्या? चिरंजीव कुठेच टिकले नाहीत वाटतं. आणि नोव्हेंबरनंतरचा फॉर्म कुठाय? चौथा मालक लपवणार असाल तर खोट्या कागदाला मी हात लावणार नाही."

रेवती हळूच म्हणाली, "साहेब, आकडे राहू द्या. वरचे पत्ते वाचा."

बेहेरेंनी वाचले. पहिला पुण्याचा, दुसरा कऱ्हाडचा, तिसरा आमच्या गावातल्या, आमच्याच आळीतल्या दूध संस्थेचा.

"पाय साथ सोडत गेले, तसे हे घराजवळची नोकरी धरत आले," रेवती म्हणाली, " आळीच्या पुढे आमचा उंबराच. नोव्हेंबरनंतर हे खाटेवर होते, ते उठलेच नाहीत. खाटेचा फॉर्म कोण देतं, साहेब?"

तिन्ही पगारांची बेरीज करून बेहेरेंनी कागद पुढे सरकवला. वारसाच्या सहीपाशी मात्र रेवतीला पेन धरवेना.