तंबोऱ्याचे चार दोरे

वाद्यं माणसांपेक्षा जास्त बोलायची, तेव्हाची ही गोष्ट. खोटी वाटली तर डग्ग्याला विचारा. गायिका वेणूताईंच्या घरी साहेबाच्या देशातून आलेली एक पेटी होती. तिला 'सिम्फनी', 'हार्मनी', 'टेम्पो' असे शब्द यायचे, म्हणून सगळी वाद्यं तिला वचकून असायची.

मैफलीच्या दिवशी पेटी म्हणाली, "काय हो तंबोराबुवा, तारांखाली हे सुताचे दोरे कसले? स्वतःला क्लासिकल म्हणवता ना? इंग्रजीत याला शब्दसुद्धा नाही!"

तंबोरा ओशाळला. अंग झटकून त्याने चारही दोरे खाली पाडले.

संध्याकाळी भरल्या मैफलीत वेणूताईंनी तार छेडली, तर नुसतीच कोरडी टणटण. ताईंचा सूर लागेना. श्रोते चुळबुळू लागले.

"अहो, गुंजा की!" पेटी घाबरून कुजबुजली.

"कशाने गुंजू? दोरे टाकले ना!"

ताईंनी खाली वाकून पाहिलं, पदरातून सूत ओढलं आणि चार तुकडे तारांखाली सरकवले. तंबोरा मधमाश्यांच्या पोळ्यासारखा गुंजला. ताईंनी डोळे मिटून षड्ज लावला.

"बुवा, या गुंजनाला म्हणतात तरी काय?" पेटीने हळूच विचारलं.

"सांगतो. आधी ऐका."

पेटीने भाता रोखून धरला.