कुलपाच्या घरांचा धूर

लावा पैज, मास्तरीनबाई. मी सांगंन त्यातल्या एका शब्दावर तरी इश्वास ठेवून दावा! शिरगणतीला आलाय न्हवं? दाराला कुलूप आन् कौलांतनं धूर बघून त्वांड उघडंच ऱ्हायलंय तुमचं. मिटा, माशी जाईल. ह्या कोष्टीआळीत असंच हाय. मानूस पुन्याला, सुरतेला. चूल मातुर हितं पेटती. का, ते ऐका.

लई जुनं हाय हे. माज्या आजेसासूनं तिच्या सासूकडनं ऐकलेलं. तवा प्लेग आला म्हनं. घराघरात उंदरं मरून पडाया लागली, तशी आळी रानात झोपड्या घालून ऱ्हायला निघाली. पन संस्थानचा हुकूम व्हता: ज्या घरावर धूर न्हाई ते ओसाड धरायचं, पाडायचं, लाकूड लिलावात काढायचं. शिपाई रोज सकाळी समोरच्या टेकावर बसून बघायचा. आळीत पाय टाकायची त्याची छाती नव्हती. रानात जावं तर घर जातंय, घरात ऱ्हावं तर जीव.

आळीच्या टोकाला तानूबाई कोष्टीन ऱ्हायची. मागं-फुडं कुनी न्हाई. ती म्हनली, "किल्ल्या टाका हितं. समद्यांच्या चुली मी पेटवते."

धोंडीबा कारभारी म्हनला, "खुळी का काय गं? मरशील की."

"मला न्यायची प्लेगालाबी लाज वाटंल, भावजी. निघा, उंदरं खोळंबल्यात."

मानसं निघताना तिनं शब्द दिला: आदी तुमच्या चुली, मग माजी. तसंच तिनं केलं, असं सांगत्यात. रोज दिस उगवायला घरोघर हिंडायची, गवरी घालायची, फुंकायची. शिपाई धूर बघून माघारी जायचा. रानातली मानसंबी आपापला धूर बघून निवांत व्हायची. तिला काखंत गाठ आलेली कुनाला दिसावी? धुरातनं काय दिसतंय!

साथ वसरली. शिपायाची शेवटची सकाळ व्हती. समद्या कौलांवर धूर आला, एका घरावर न्हाई. रानात कुनाच्या ध्यानात आलं न्हाई. जो तो आपलंच घर बघत व्हता, बाई.

मानसं परतली, तर तानूबाई धोंडीबाच्या चुलीपाशी पडलेली. फुंकनी हातात, अंग गार. आन् सरकारी मानसांनी येऊन आळीतलं एकच घर पाडलं. तिचं. लाकूड लिलावात निघालं. तिची तुळई कुनी घेतली म्हनता? धोंडीबानं. सस्त पडली म्हनं!

तुळई घरात आली, आन् त्याची चूल पेटंना. मग शेजारची पेटंना. सुकी लाकडं, पन वली असावी तशी नुस्ती धुमसायची. पोरं उपाशी रडाया लागली. तवा आळीनं तिच्या मोकळ्या जाग्यावर डोकं टेकून नवस बोलला: आदी बंद घराची चूल, मग आपली. त्या दिशी चुली पेटल्या.

आजबी तसंच चालतंय. निस्तं आता बंद घरं लई झाली, पेटवनारी थोडी उरली. ह्या अंगाला मी एकटीच, समद्या किल्ल्या माज्याच कनवटीला. माजी चूल शेवटी, ऊन डोक्यावर आल्यावर. माज्या कौलांवर धूर दिसला न्हाई, तर हितं बघायला कोन हाय, ते तुमच्या कागदावर लिवायला जागा असंल तर लिवा.

आन् तोंडाकडं काय बघताय? पलीकडच्या घरची गवरी इझत आली आसंल. चला, निघा आता!